खानेसुमारीचा तिसरा रकाना

खानेसुमारीचे दिवस आले म्हणजे आपल्या दाराशीं एक परिचित दृश्य दिसूं लागतें. प्रगणक, म्हणजे बहुधा जवळच्या शाळेंतले मास्तर किंवा बाई, ओसरीवर येऊन बसतात. घरांतील कर्ता पुरुष समोर बसतो, आंतून चहा येतो आणि प्रश्नोत्तरें सुरू होतात. नांव काय, वय काय, शिक्षण किती, धंदा कोणता, हे सर्व प्रश्न मास्तर मोठ्यानें विचारतात. एकच रकाना असा आहे कीं तो बहुतेक वेळां न विचारतांच भरला जातो, आणि तो म्हणजे ‘लिंग’. नांव ऐकलें, माणूस दिसला, कीं ‘पुरुष’ अथवा ‘स्त्री’ अशी खूण झालीच. त्यांत विचारावयाचें तें काय, असें मास्तरांनाहि वाटतें आणि घरच्यांनाहि वाटतें.

आजच्या भाषणाचा विषय हा न विचारला जाणारा प्रश्न आहे. माणूस स्वतःस पुरुष समजतो, स्त्री समजतो कीं ह्या दोहोंहून निराळा समजतो, तसेंच त्याच्या मनाची ओढ कोणाकडे आहे, ह्या गोष्टींची विचारपूस सरकारी पाहणींत करावी कीं करूं नये, आणि करावयाची तर कशी, हा तो प्रश्न होय. उदाहरणासाठीं मीं बीड जिल्हा घेतला आहे, आणि तो सहज म्हणून घेतलेला नाहीं. माणसें मोजण्याचे दोन परस्परविरुद्ध प्रकार ह्या जिल्ह्याच्या इतिहासांत शेजारी शेजारी सांपडतात. एक प्रकार पाळत ठेवणारा आणि दुसरा दुखणें दाखविणारा. ह्या दोहोंतील भेद एकदां ध्यानांत आला म्हणजे आपल्या प्रश्नाचें उत्तर बरेंचसें सुकर होतें.

प्रथम शब्दांची फोड करूं या, कारण पुष्कळसा घोटाळा शब्दांचाच आहे. येथें तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली देहाची. जन्माच्या वेळीं सुईण किंवा डॉक्टर देह पाहून जें सांगतात तें देहलिंग. कांहीं थोड्या मुलांच्या बाबतींत तेंहि स्पष्ट नसतें. दुसरी गोष्ट मनाची, म्हणजे माणूस स्वतःस काय समजतो ती. हिला लिंगओळख म्हणतां येईल. तिसरी गोष्ट ओढीची. कोणास भिन्नलिंगी व्यक्तीविषयीं प्रीति वाटते, कोणास समलिंगी व्यक्तीविषयीं, कोणास दोहोंविषयीं. हा झाला लैंगिक कल. ह्या तिन्ही गोष्टी एकमेकींवरून ताडतां येत नाहींत. समलिंगी प्रीति असलेला पुरुष स्वतःस पुरुषच समजतो, त्याला तृतीयपंथी म्हणणें चूक आहे. देहानें पुरुष म्हणून नोंदली गेलेली परंतु स्वतःस स्त्री समजणारी व्यक्ति ‘स्त्री’ असें उत्तर देईल, आणि तिच्या दृष्टीनें तेंच खरें उत्तर असेल.

ह्याचें ठळक उदाहरण बीड जिल्ह्यांतच घडलें आहे. माजलगांव येथील पोलीस खात्यांत स्त्री म्हणून भरती झालेल्या एका शिपायानें २०१७ सालीं शस्त्रक्रियेसाठीं रजा मागितली. ‘मी पुरुष आहें, देहहि त्यास अनुरूप व्हावा,’ असें त्याचें म्हणणें होतें. खात्यानें आरंभीं नकार दिला, प्रकरण मुंबईस उच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि अखेर राज्य सरकारनें परवानगी दिल्यावर २०१८ च्या मे महिन्यांत मुंबईच्या सरकारी रुग्णालयांत पहिली शस्त्रक्रिया झाली. पुढें तोच शिपाई पुरुष म्हणून कामावर रुजू झाला. आतां विचार करा. २०११ सालच्या खानेसुमारींत ह्या घरीं गेलेल्या मास्तरांनीं कोणती खूण केली असेल? समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांनीं जें सांगितलें असेल तीच. ज्याच्याविषयीं विचारावयाचें त्याला विचारण्याचा प्रसंगच बहुधा आला नसेल. आणि त्याला विचारलें असतें तरी ‘इतर’ हा तिसरा रकाना त्याच्या उपयोगाचा नव्हता. त्याला ‘पुरुष’ म्हणून घ्यावयाचें होतें.

असल्या नाजूक गोष्टी मोजाव्यातच कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. ह्याचें उत्तरहि बीडच देतें. २०११ च्या खानेसुमारींत ह्या जिल्ह्यांत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागें केवळ ८०७ मुली आढळल्या. महाराष्ट्रांत सर्वांत कमी प्रमाण हेंच होतें, आणि दहा वर्षांपूर्वीं तें ८९४ होतें. प्रत्येक घरास आपल्याच घरांतील जन्म ठाऊक होता, पण साऱ्या जिल्ह्याच्या मुली कमी होत चालल्या आहेत, हें कोणत्याहि एका घरास दिसणें शक्य नव्हतें. तें दिसलें तें ‘लिंग’ ह्या एका रकान्याची बेरीज केल्यामुळें. पुढें २०१२ सालीं परळी येथील गर्भलिंगनिदानाचें प्रकरण उघडकीस आलें आणि सोनोग्राफी केंद्रांच्या तपासणीस जोर चढला. २०१९ सालीं ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली, तेव्हां जिल्ह्यांतील ऐंशी हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी करण्यांत आली आणि त्यांपैकीं तेरा हजारांहून अधिक जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. ह्यापेक्षां खाजगी प्रश्न तो कोणता? तरीहि स्त्रियांनीं उत्तरें दिलीं, आणि त्या उत्तरांमुळेंच एक मोठें दुखणें राज्याच्या नजरेस आलें. जें मोजलें जात नाहीं त्यासाठीं अंदाजपत्रकांत पैसा निघत नाहीं, दवाखान्यांत जागा निघत नाहीं आणि शाळेंत सोय होत नाहीं. मोजणीचा हा दुसरा प्रकार, दुखणें दाखविणारा.

पण पहिला प्रकार विसरून चालणार नाहीं. बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. त्या संस्थानांत १३२९ फसली, म्हणजे इसवी सन १९१९ च्या सुमारास, हिजड्यांसंबंधीं एक खास कायदा झाला. हैदराबाद शहरांत आणि सरकार जाहीर करील अशा इतर ठिकाणीं राहणाऱ्या ज्या हिजड्यांवर संशय येईल त्यांचीं नांवें व ठिकाणें एका नोंदवहींत लिहून ठेवावीं, असें त्यांत फर्माविलें होतें. स्त्रीवेषांत अथवा दागिने घालून सार्वजनिक जागीं आढळल्यास वॉरंटावांचून अटक करण्याची सोय होती. ही कल्पना संस्थानची स्वतःची नव्हती. उत्तर हिंदुस्थानांतील कांहीं प्रांतांकरितां ब्रिटिश सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा जो कायदा केला, त्याच्या दुसऱ्या भागांत अशीच नोंदवही होती, आणि तींत नांव चढलेल्या माणसास दत्तक घेण्याचा व मृत्युपत्र करण्याचा हक्कहि उरत नसे. हैदराबादचा कायदा कागदोपत्रीं किती काळ जिवंत राहिला म्हणाल, तर २०२३ च्या जुलै महिन्यांत तेलंगणाच्या उच्च न्यायालयानें तो घटनाविरोधी ठरवून रद्द केला तोंपर्यंत.

ह्या नोंदवहींत आणि ८०७ च्या आंकड्यांत मूलभूत फरक कोणता? एक नोंदणी आहे, दुसरी गणती. नोंदणींत नांव हेंच महत्त्वाचें आणि नांवामागोमाग शिपाई येतो. गणतींत बेरीज महत्त्वाची, आणि बेरीज झाल्यावर नांवाची गरज उरत नाहीं. दोन पिढ्यांपूर्वीं ज्यांच्या गुरूंचीं नांवें पोलिसांच्या वहींत लिहिलीं जात, त्या लोकांनीं सरकारी कागद घेऊन आलेल्या माणसास पाहून दार लोटून घेतलें, तर दोष त्यांना देतां येत नाहीं. म्हणून ह्या विषयांतील पहिला नियम असा कीं गणतीची कधींहि नोंदणी होतां कामा नये. २०१९ च्या केंद्रीय कायद्यानें तृतीयपंथी व्यक्तींना जिल्हा दंडाधिकाऱ्याकडून ओळखपत्र मिळविण्याची तरतूद केली. तीहि नोंदणीच, परंतु ती ज्याच्या त्याच्या अर्जावरून आणि कांहीं लाभाकरितां होणारी. खानेसुमारीच्या मास्तरांच्या वहींतून कोणाचें नांव त्या यादींत आपोआप जातां उपयोगी नाहीं.

आतां आजवर झालें काय तें पाहूं. जुन्या खानेसुमाऱ्यांत तृतीयपंथीयांस पुरुषांतच धरावें अशी सूचना असे. २०११ सालीं प्रथमच पुरुष व स्त्री ह्यांच्याखेरीज ‘इतर’ असा तिसरा संकेतांक देण्यांत आला. त्या रकान्यांत देशभर ४,८७,८०३ माणसें नोंदलीं गेलीं आणि महाराष्ट्रांत ४०,८९१. पाऊल निःसंशय मोठें होतें. परंतु ह्या आंकड्यांकडे बारकाईनें पाहिलें म्हणजे मनांत शंका येऊं लागतात. वरील देशाच्या आंकड्यांत ५४,८५४ जण सहा वर्षांच्या आंतील मुलें आहेत. चार वर्षांच्या मुलाची लिंगओळख मास्तरांना कशी कळली? कांहीं मुलें जन्मतः देहलिंग अस्पष्ट असलेलीं असतील, पण पुष्कळशा नोंदी चुकून पडलेल्या खुणाच असाव्यात, असें मानणें भाग आहे. उलट बाजूस, २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या मतदारयादींत तृतीयपंथी म्हणून नांव नोंदविलेले मतदार साऱ्या देशांत सुमारें ४८ हजारच होते. मुलें वगळलीं तरी ह्या दोन सरकारी आंकड्यांत आठ-नऊ पटींचें अंतर उरतें. शिवाय २०११ च्या मुख्य कोष्टकांत ‘इतर’ हे पुरुषांतच मिळविलेले आहेत, त्यांचें निराळें कोष्टक मागाहून निघालें.

चुकून पडलेल्या खुणा एवढा घोटाळा कां करतात, हें एका हिशेबानें स्पष्ट होईल. समजा, एक लक्ष लोकांत खरोखर पांचशें तृतीयपंथी आहेत आणि सगळ्यांनीं खरें उत्तर दिलें. बाकीच्या ९९,५०० लोकांपैकीं पांचशांत एकानें चुकून तीच खूण केली. पांचशांत एक चूक म्हणजे कांहींच नाहीं, असें आपल्याला वाटेल. परंतु अशा चुका जवळ जवळ दोनशें होतात, आणि एकूण सातशेंच्या बेरजेंत चाराला एकाहून अधिक नोंद खोटी ठरते. बहुसंख्यांच्या आंकड्यांत ही चूक बुडून जाते, अल्पसंख्यांचा आंकडा मात्र तिनें पार बिघडतो. म्हणून थोड्या लोकांविषयींचा प्रश्न सर्वांत अधिक काळजीनें शब्दांत मांडावा लागतो.

परदेशांतील अनुभव हेंच सांगतो. इंग्लंड व वेल्स येथें २०२१ च्या मार्चमध्यें सोळा वर्षांवरील सर्वांना लिंगओळख आणि लैंगिक कल ह्यांविषयीं प्रश्न विचारले गेले. उत्तर देणें ऐच्छिक होतें. लैंगिक कलाच्या प्रश्नास शेंकडा ९२.५ लोकांनीं उत्तर दिलें आणि सुमारें पंधरा लक्ष लोकांनीं आपण बहुसंख्यांहून निराळे असल्याचें सांगितलें. लिंगओळखीच्या प्रश्नाची कथा निराळी झाली. सुमारें २ लक्ष ६२ हजार लोकांनीं आपली ओळख जन्माच्या नोंदीहून भिन्न असल्याचें लिहिलें, परंतु ज्यांचें इंग्रजी कच्चें होतें अशा लोकांत हें प्रमाण चमत्कारिकपणें अधिक निघालें. प्रश्नाचें वाक्य लांब आणि आडवळणी होतें, त्याचा अर्थच कांहींजणांना लागला नसावा. २०२४ सालीं तेथील संख्याशास्त्र खात्यानें ह्या आंकड्यांचा दर्जा स्वतःहून कमी केला. कॅनडानें २०२१ सालींच दुसरी रीत अवलंबिली होती. जन्माच्या वेळीं तुमची नोंद काय झाली, हा एक प्रश्न, आणि आज तुम्ही स्वतःस काय समजतां, हा दुसरा. दोन्ही प्रश्न लहान आणि सर्वांस सारखे. पंधरा वर्षांवरील लोकांत सुमारें तीनशांत एकाचीं उत्तरें भिन्न निघालीं किंवा दोन्ही चौकटींबाहेरचीं निघालीं.

कॅनडाची रीत आपल्याकडे अधिक चालण्याजोगी आहे, पण मराठींत तिला आणखी एक अडचण आहे, ती शब्दांची. सरकार ‘तृतीयपंथी’ म्हणतें, उत्तरेकडून ‘किन्नर’ आला, ‘हिजडा’ हा शब्द बाजारांत शिवीसारखा वापरला जातो, देवीला वाहिलेला जोगता स्वतःस जोगताच म्हणवितो, आणि शिकलेले तरुण ‘पारलिंगी’ हा नवा शब्द पसंत करतात. ह्यांपैकीं एकच शब्द छापला तर बाकीचे म्हणतील, आम्ही त्यांतले नव्हे. म्हणून छापील कागद काढण्यापूर्वीं बीडच्या मोंढ्यांत, अंबाजोगाईच्या वसतिगृहांत आणि ऊसतोड्यांच्या तांड्यांत तो वाचून दाखवून लोकांस काय समजलें तें पाहिलें पाहिजे.

ऊसतोड्यांचा उल्लेख मुद्दाम केला. ह्या जिल्ह्यांतील लक्षावधि माणसें दिवाळीच्या आगेंमागें कारखान्यांकडे जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. खानेसुमारी येते फेब्रुवारींत, म्हणजे घरांना कुलुपें असतांना. त्यांच्या धंद्यांत मोजमापाचें एकक आहे ‘कोयता’, आणि एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. उचलहि जोडीच्या नांवानें मिळते. ज्याची जोडी लागत नाहीं त्याला ह्या हिशेबांत फार तर अर्धा कोयता म्हणून जागा मिळते. मोजण्याचें एकक काय धरावें, ह्यावरच कोण दिसणार आणि कोण नाहीं, हें ठरतें.

लैंगिक कलाच्या प्रश्नाचा विचार निराळा करावयास हवा. समलिंगी संबंध १८६० च्या दंडसंहितेप्रमाणें गुन्हा होता. तो सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं गुन्हा नव्हे असें ठरविलें, आणि लैंगिक कल हा खाजगी जीवनाच्या हक्काचा भाग आहे हें त्याआधीं २०१७ सालींच सांगितलें होतें. तोंपर्यंत सरकारनें अशा माणसांची विचारपूस केली ती मुख्यतः एड्सच्या प्रतिबंधासाठीं. तें काम आवश्यकच होतें, परंतु रोगाच्या निमित्तानेंच ज्यांना विचारलें जातें त्यांना आपणहि एक रोगच आहों असें वाटूं लागल्यास नवल नाहीं. त्यांच्या मनाच्या आरोग्याविषयीं, शाळेंतील छळाविषयीं, सक्तीच्या लग्नाविषयीं आपल्यापाशीं भरंवशाचे आंकडे हवेत. पण हा प्रश्न खानेसुमारींत, सासूसासरे आणि शेजारी ऐकत असतां, ओसरीवर विचारूं नये. तो विचारण्याची जागा नमुना-पाहणी होय, जींत थोडींच घरें निवडलेलीं असतात आणि विचारणारा माणूस त्या कामांत शिकलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत घरांतील मारहाणीविषयीं प्रश्न असतात. ते एका घरांत एकाच स्त्रीला, एकांतांत विचारले जातात, आणि एकांत मिळाला नाहीं तर ते विचारावयाचेच नाहींत असा नियम आहे. हाच नियम येथें लागू करावा. उत्तर तोंडीं न घेतां चिठ्ठीवर खूण करून बंद पाकिटांत घेतलें तर अधिकच चांगलें.

गुप्ततेच्या बाबतींत आपला कायदा दुबळा नाहीं. १९४८ चा खानेसुमारीचा कायदा म्हणतो कीं प्रगणकाची वही कोणासहि पाहण्यास मिळणार नाहीं आणि ती पुरावा म्हणून कोर्टांत चालणार नाहीं. त्याच कायद्यांत एक गंमतीचें वाटणारें पण अर्थपूर्ण कलम आहे. प्रश्नांचीं उत्तरें देणें सर्वांवर बंधनकारक असलें, तरी कोणत्याहि स्त्रीनें आपल्या पतीचें नांव सांगितलेंच पाहिजे असें नाहीं, कारण तें उच्चारूं नये अशी रूढि आहे. ज्या घरांत नांव घ्यावयाचें तें उखाण्यांत, त्या घराची भीड कायद्यानें राखली. जो कायदा एका गृहिणीच्या मौनाचा मान राखूं शकतो, त्यानें ‘हें मला सांगावयाचें नाहीं’ असें म्हणणाऱ्याच्या मौनाचाहि मान राखावा, इतकीच मागणी आहे.

आणि मागाहूनची सावधगिरी हवीच. दीड हजार वस्तीच्या गांवापुढें ‘तृतीयपंथी : १’ असें छापलें, तर तो आंकडा राहिला नाहीं, तें नांवच झालें. असे आंकडे जिल्ह्याच्या पातळीखालीं छापूंच नयेत.

१ मार्च २०२७ ह्या संदर्भतारखेची खानेसुमारी कागदाऐवजीं यंत्रावर आणि स्वतः माहिती भरण्याची सोय ठेवून करण्याचें ठरलें. ह्या सोयीचा एक फायदा उघड आहे, कीं मधला माणूस कमी होतो. पण यंत्र कर्त्या पुरुषाच्याच हातीं राहिलें, तर पुनः सगळ्यांच्या वतीनें तोच उत्तरें देणार. सर्वोच्च न्यायालयानें १५ एप्रिल २०१४ रोजीं सांगितलें कीं आपण पुरुष, स्त्री कीं तृतीयपंथी हें ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याचा आहे. तो निकाल दिल्लीस झाला, पण त्याची अंमलबजावणी आपल्या ओसरीवर व्हावयाची आहे. मास्तर दाराशीं आले म्हणजे घरांतील वडील मंडळींनीं एवढेंच करावें, कीं जो मोठा झाला आहे त्याला हांक मारावी, आपण थोडें बाजूस व्हावें, आणि त्याचें उत्तर त्यालाच देऊं द्यावें.